सहावा डबा

त्या दुपारी आम्ही दोघं पावटे सोलत बसलो होतो. इकडं त्यांना अवरेकाळू म्हणतात आणि माझ्या बायकोच्या, रूथच्या, तोंडातही तेच बसलं होतं. डिसेंबर लागला की के. आर. पुरमच्या बाजारात शेंगांचे ढीग पडतात, अख्ख्या गल्लीला त्यांचा वास येतो. भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं आमच्या मध्ये होतं. एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, की साल हातात राहते आणि आतली डाळ ताटात उडते. माझी ताटाबाहेर उडायची. "स्वल्प हळू दाबा," ती म्हणाली, "दाणा आहे तो, तुमचा दुश्मन नाही." मग नाताळावरून बोलणं निघालं, नाताळावरून केकचं, आणि केकवरून तिच्या आईचं. ते दर वर्षी तसंच निघायचं. "आमची आई चोर झाली हो," ती म्हणाली, "पण आमच्यासाठी झाली. देवानं कधीच माफ केलं असेल तिला." मी म्हटलं, "हं." ती हात पुसून उठली, म्हणाली, जरा पडते, चहाला उठवा. चहा घेऊन गेलो तेव्हा ती उठली नाही.

तिची आई चोर नव्हती. हे मला माहीत होतं, आणि सगळ्या जगात मला एकट्यालाच माहीत होतं. या वहीत मी आजवर भट्टीचं लिहिलं, बाबांचं लिहिलं, आईच्या हातच्या सुकटीच्या चटणीचंसुद्धा पानभर लिहिलं. हे टाळत आलो. मी चौथी शिकलेला माणूस, पण लिहिता येत नव्हतं म्हणून टाळलं असं नाही.

आमचं घर बेकरीच्या मागं होतं, दोन खोल्या. भट्टीची मागची भिंत तीच आमची पुढची भिंत. थंडीत आम्ही भावंडं त्या भिंतीला पाठ लावून जेवायला बसायचो. आई ओले कपडे तिच्यावर टाकायची, त्यामुळे आमच्या कपड्यांना कायम पावाचा वास. बाबा नगरकडचे, लष्कराबरोबर पाव भाजायला आले ते इथंच राहिले. ते भट्टीवर असले की लांब दांड्याचं फावडं विटांवर घासल्याचा खर्र आवाज भिंतीतून यायचा. तो थांबला की आई म्हणायची, बघ रे, बाबांना काही हवंय का. सकाळी नाचणीची भाकरी, नाही तर तुटक्या पावाच्या कडा चहात. चांगला पाव आम्ही घरात फार कमी पाहिला. बाबा म्हणायचे, तो दुसऱ्याचा आहे. बाहेर कानडी, तमिळ, दखनी सगळं बोलायचो. मराठी घरात आणि देवळात. आमची मराठी मंडळी चाळीसेक घरांची, सगळे एकमेकांना ओळखत. एका घरात भांडं पडलं तर दुसऱ्या घरात पाळकसाहेबांच्या आधी कळायचं.

नाताळच्या आठवड्यात बेकरीत वेगळीच गर्दी. तेव्हा कुणाच्या घरी ओव्हन नव्हता. बायका केकचं पीठ घरी कालवायच्या आणि डब्यात घालून आमच्याकडं भाजायला आणायच्या. डबे सगळे सारखे, पत्र्याचे चौकोनी. चिठ्ठी लावली तर ती जळते, आणि बाबांना वाचताही येत नव्हतं. म्हणून प्रत्येक घराची एक खूण त्यांनी ठरवली होती. कणकेचा गोळा डब्याच्या काठाला दाबून त्याचं पान करायचं, मासा करायचा, शिडी करायची. भाजताना ती खूण दगडासारखी कडक व्हायची. साळवेंच्या घरची खूण मुकुट. साळवे मंडळीचे वडील होते, म्हणजे पंचांतले पहिले, आणि त्यांचे दर वर्षी सहा डबे यायचे. मार्थाबाईची खूण नुसती एक रेघ. बाबा म्हणाले होते, तिचा एकच डबा असतो, रेघ पुरे.

मार्थाबाई विधवा होती, साळवेंच्या घरी स्वयंपाक करायची. दोन मुली. थोरली रूथ बारा वर्षांची, धाकटी एस्तेर पाचाची. साळवेबाईंच्या सहा डब्यांचं पीठ मार्थाबाईच फेटायची आणि तीच आणायची. काजू, मनुका, पाकातली संत्र्याची साल, सगळं त्यात. बरोबर स्वतःचा एक डबा, तोही साळवेबाईंनी दिलेला जुनाच. त्या वर्षी आणला तेव्हा मी वरचा कागद उचलून बघितलं. रवा, गूळ, वर चार मनुका. "शमू," ती म्हणाली, "एकच अंडं मिळालं रे. फुगेल ना?" मी म्हटलं, "फुगेल की, मार्थाबाई." मी तेव्हा सतरा वर्षांचा, भट्टीतलं सगळं कळतं असं समजणारा.

भट्टीत मागच्या डाव्या कोपऱ्यात आग चावते. तिथला माल सारखा फिरवावा लागतो. तिथं कुणाचे डबे ठेवायचे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मला कळत होतं. जे बोलणार नाहीत त्यांचे. बाबांना त्या दिवशी ताप होता. "मी तासभर पडतो, डबे फिरवत राहा," असं सांगून ते घरात गेले. मी साळवेंचे सहा मध्ये ठेवले आणि रेघेचा डबा कोपऱ्यात. मग दारात पोरं बांबूच्या कामट्यांचा नाताळचा तारा बांधत होती, त्यांना गाठ जमेना, म्हणून बाहेर गेलो. आत आलो तेव्हा साळवेंचे सहाही सोन्यासारखे झाले होते आणि रेघेचा डबा कोळसा.

मी काय केलं ते सरळ लिहितो. जळलेला केक डब्यासकट भट्टीच्या राखेत पुरला. साळवेंच्या एका डब्याचा मुकुट चाकूनं खरवडून काढला आणि त्या जागी थोडी कणीक दाबून रेघ ओढली, निखाऱ्यापुढं धरून कडक केली. मला तेव्हा त्यात पाप वाटलं नाही. उलट फार चांगलं काम केलं असं वाटलं. तिला एकच डबा, त्यांना सहा. त्यांचा एक कमी झाला तर काय बिघडलं? जळला असं सांगायला हवं होतं, पण त्यासाठी मी भट्टी सोडून गेलो हे सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा दया करणं सोपं होतं. माझ्याकडचं काही जात नव्हतं.

बाबा उठून आले. टोपलीवर फडकं बांधून झालं होतं. "साळवेंचे सहा?" "सहा, बाबा." संध्याकाळी मार्थाबाई आली, टोपली डोक्यावर घेतली, स्वतःचा डबा काखेत धरला. कागद उचलून बघितलासुद्धा नाही. "फुगला का रे?" "फुगला." ती हसली आणि गेली.

साळवेंच्या घरी पाच निघाले. बाईंनी बेकरीत निरोप पाठवला, बाबांनी सहा गेले म्हणून सांगितलं. नाताळची घाई, मोजण्यात चूक झाली असेल म्हणून विषय तिथंच राहिला. माझा जीव दोन दिवस वर होता, मग खाली आला. वाटलं, देवानं निभावून नेलं. सगळं नीट निभावलं की ते देवानंच केलं असं आपल्याला चटकन वाटतं.

नाताळच्या दिवशी उपासना झाली की मंडळी घरोघर जायची. दारात एक गाणं म्हणायचं, प्रत्येक घरी एक घास खायचा, पुढं जायचं. मार्थाबाईची खोली शेवटची. आम्ही वीसेक जण होतो, निम्मे आत, निम्मे दारात. रूथ ताटली घेऊन पुढं आली, दोन वेण्या, त्यांना लाल फिती. ताटलीत केकचे एवढे एवढे तुकडे, सगळ्यांना पुरावेत म्हणून. मी एक तोंडात टाकला. मार्थाबाई हात जोडून साळवेबाईंपुढं उभी राहिली. "बाई, तुम्ही गुपचूप पाठवलात, मला बोललासुद्धा नाहीत. कापला आणि आत बघितलं तशी मी गुडघेच टेकले. म्हटलं, देवानं माझ्या बाईच्या मनात घातलं."

साळवेबाईंनी ताटलीतला तुकडा उचलला, चावला. "मी कुठला पाठवला, मार्था?"

"हाच की बाई. माझ्या रव्याच्या जागी हा निघाला."

"तुझ्या डब्यात तुझंच पीठ निघणार ना. ही साल मी पाकात घातलेली." त्या रागानं बोलल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता, एवढंच. "मागितला असतास तर दिला नसता का मी?"

मागून कुणीतरी म्हणालं, बेकरीतून तर सहा गेले होते. सगळे बाबांकडं बघायला लागले. बाबांना लोकांत बोलायची सवय नव्हती. ते टोपी हातात घेऊन उभे राहिले, आणि त्यांना जे खरं माहीत होतं ते ते बोलले. "माझ्या भट्टीतून सहा गेले. देवासमोर सांगतो." मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. तोंडातला तुकडा मी गिळला. मार्थाबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, संशयानं नाही. डबे बांधताना मी तिथं होतो म्हणून, मी काहीतरी सांगेन म्हणून. मी खाली बघितलं. छोटी एस्तेर म्हणाली, "अजून एक देऊ का सगळ्यांना?" आणि कुणी घेतला नाही.

मार्थाबाईचं काम गेलं. पंचांनी तिला बोलावलं. ते वाईट लोक नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं की ते तिला वाचवतायत. कबूल कर, म्हणाले, मंडळी माफ करते, विषय संपला. ती म्हणाली, "मी हो म्हटलं तर मंडळी खूश होईल. पण देवाला काय सांगू? त्यानं तर बघितलंय." मग ठरलं, कबूल करीपर्यंत तिला प्रभुभोजन नाही, म्हणजे उपासनेतली भाकरी आणि द्राक्षरस नाही. ती दर रविवारी यायची तरीही. शेवटच्या बाकावर बसायची, भाकरीचं ताट तिच्यावरून पुढं जायचं, ती मान खाली घालायची. ती भाकरी म्हणजे आमच्याच भट्टीतला पाव. शनिवारी त्याच्या कडा मीच कापायचो, आणि रविवारी मी तो घ्यायचो. घरी बसून ती अगरबत्त्या वळायची, तिचे हात काळे ते काळेच राहिले.

मी प्रार्थना करायचो. खोटं नाही, मनापासून करायचो. देवा, तूच खरं बाहेर काढ. तू सगळं करू शकतोस. मला वाटायचं हाच विश्वास. देवानं स्वर्गातून हात घालून राखेतला तो डबा वर काढावा, आणि मला तोंड उघडावं लागू नये. आता म्हातारपणी कळतं, मी देवावर भरवसा ठेवत नव्हतो, माझं काम त्याच्यावर ढकलत होतो. तिथं बोलायला तोंड एकच होतं आणि ते माझं होतं. भरवसा मार्थाबाईचा होता. तिच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं.

एकदा बाबांनी मला विचारलं. फावडं भिंतीला लावून, घाम पुसत. "शमू, माझ्या शब्दानं त्या बाईचं वाटोळं झालं. पण मी खरंच बोललो ना रे? सहाच गेले ना?" मी म्हटलं, "हो बाबा, सहाच." ते म्हणाले, "मग ठीक." पण त्यानंतर कुणाच्याही डब्याबद्दल ते काही सांगायचे नाहीत. तुमचं तुम्ही मोजा, म्हणायचे. बाबा गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होतो, आणि तेव्हाही गप्पच राहिलो. मरणाऱ्या माणसाला कशाला त्रास, असं मनाला सांगितलं. प्रत्येक वेळी काहीतरी सांगायला सापडतं.

मार्थाबाई तिसऱ्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेली, प्रभुभोजन न घेताच. मुलींना मावशीनं ठेवून घेतलं. मी एस्तेरला बोट धरून शाळेत सोडायला जायचो, रूथला मिशनच्या शिवणवर्गात लावून दिलं, आणि पुढं तिच्याशीच लग्न केलं. लोक म्हणाले, चोराच्या मुलीला कोण करतं, शमूनं केली. लग्नात पाळकसाहेब माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, न्यायानं कसं वागावं ते या पोराकडून शिका. मी हार गळ्यात घालून ते ऐकलं. अपराधापोटी केलं का? सुरुवातीला हो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून नाही. मग तर सांगणं आणखी अवघड झालं, कारण आता हरवण्यासारखं माझ्याकडं काहीतरी होतं. ती आईवर रागावली असती तर बरं, कधी तरी मी बोललो असतो. तिनं आईला माफ करून टाकलं होतं, आणि त्या माफीवर ती खूश होती. जे आईनं केलंच नाही त्याची माफी. मी रोज त्या घरात जेवलो.

तिला मनातून माहीत होतं, असं कुणी मला समजावू नका. तिला माहीत नव्हतं. ती माझ्यापासून एकही गोष्ट लपवू शकत नव्हती, साखर संपली तरी चेहऱ्यावर दिसायचं.

रूथच्या मातीच्या वेळी मंडळी जमली. आताचे पाळकसाहेब तरुण आहेत, पुण्याकडचे, त्यांना जुनं कुणीतरी सांगितलेलं. पेटीपाशी उभे राहून ते म्हणाले, शमुवेलकाकांनी एका कलंकित घरातल्या मुलीला मान दिला. कलंकित. रूथ तिथं पेटीत होती. मी पहिल्या बाकावर बसून होतो आणि गप्प राहिलो. मोजलं तर कितव्यांदा ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसनं मारतहळ्ळीला एस्तेरकडं गेलो. ती मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते, सातव्या मजल्यावर. तीही आता सत्तरीकडं झुकली. रात्रभर रडून डोळे सुजलेले. "भाऊजी, फोन करायचात ना, मी आले असते. बसा, चहा ठेवते." मी म्हटलं, आधी ऐक. आणि सांगितलं. कोपरा, तारा, राख, मुकुट, रेघ. उभ्यानंच सांगितलं. चहाचं पाणी ठेवून ती समोर बसली होती. गॅसवरचं पाणी उकळून आटत गेलं तेव्हा उठून तिनं तो बंद केला.

"ताईला सांगितलंत?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"शाळेत मला चोराची पोर म्हणायचे," ती म्हणाली. "आणि बोट धरून तुम्हीच न्यायचात. मी रडायचे, तर तुम्ही म्हणायचात, देव बघतो, एस्तेर." तिनं आटलेलं पाणी ओतून टाकलं. "आता मला कशाला सांगता? माफी हवीय? माझ्याकडं नाहीये ती आत्ता."

"माफी नको."

"मग उठा. जिथं आईला चोर लिहिलंय तिथं जाऊन सांगा."

बसमध्ये ती पुढं बायकांच्या जागेवर बसली, मी मागं. देवळापर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची पुढं सरकवली. "काका, काल तुमच्यावर एवढं मोठं दुःख आलंय. इतक्या वर्षांनी हे कशाला उकरायचं? प्रभू सगळं जाणतो. आपण प्रेअर करू या."

"प्रार्थना नंतर," एस्तेर म्हणाली. "आधी जुनी वही काढा. पंचांच्या सभेची."

वही कपाटाच्या तळाशी सापडली. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण पान शाबूत. साळवे वडिलांचं वळणदार अक्षर. मार्थाबाई, साळवे यांच्या घरचा केक चोरल्याचं कबूल करत नाही, प्रभुभोजनापासून दूर. त्याखाली दुसऱ्या शाईत ती वारल्याची नोंद. मध्ये दोन बोटं जागा कोरी होती. एस्तेरनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि काढलं.

"तुम्ही सांगा, मी लिहितो," पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही फक्त सही करा." मी म्हटलं, नाही. माझं अक्षर वाईट आणि मोठं आहे, त्यामुळे ती जागा पुरली नाही, कडेनं वर चढवत लिहावं लागलं. लिहिलं ते असं. मार्थाबाईनं केक चोरला नाही. तिचा केक माझ्या हातून जळला. साळवेंचा एक मी खूण बदलून तिला दिला. तिला माहीत नव्हतं. माझ्या बाबांनाही माहीत नव्हतं, त्यांना मी खोटं सांगितलं. सगळ्यांसमोर तिला विचारलं तेव्हा मी तिथं होतो आणि बोललो नाही. खाली नाव लिहिलं, शमुवेल, भट्टीवाल्याचा मुलगा.

पाळकसाहेबांनी ते दोनदा वाचलं. "सरी," ते हळूच म्हणाले, कानडीत ‘बरं’ म्हणतात तसं, तेही आता इकडचे झालेत. "रविवारी मी मंडळीसमोर वाचून दाखवतो."

"तुम्ही नाही," एस्तेर म्हणाली. "हे वाचतील."

मी म्हटलं, मला लोकांत वाचायची सवय नाही. ती म्हणाली, मग आत्ता करा. देवळात कुणी नव्हतं, बाकं रिकामी. ती जाऊन शेवटच्या बाकावर बसली. मी वही दोन्ही हातांत धरून पुढं उभा राहिलो आणि वाचलं. अर्ध्यात आवाज गेला, शेवटचं मलाच ऐकू आलं नाही.

"इथपर्यंत आलं नाही," ती मागून म्हणाली. "परत वाचा."

मी परत वाचलं.